निळ्या चौकोनातला हिरवा ठिपका

इतकं उघडपणे घाबरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. हैदराबादेत आबिड्सजवळच्या आमच्या लहानशा कंपनीत सलाइनमधून औषध सोडणाऱ्या पंपांचा प्रोग्राम आम्ही लिहीत असू. एकाच यंत्रावरून सहा खाटांचे पंप चालत. बाकीचे 'होऊन जाईल' म्हणत. प्रोग्राम तपासून सही करणाऱ्या सोनकांबळेताई मात्र सर्वांदेखत म्हणत, "मला भ्या वाटायलंय रे. परत तपास." मूळच्या नांदेडच्या, बोलण्यात निम्मं हैदराबाद उतरलेलं.

त्या भीतीपोटीच त्यांनी एक साधन तयार केलं होतं. प्रोग्राम चालू असताना त्याची मेमरी पडद्यावर चौकोनांसारखी दिसे. प्रत्येक खाटेच्या आकड्यांना वेगळा रंग. जागा मोकळी झाली की चौकोन पांढरा. "चाचपडू नक्को, डोळ्यांनी बघ," त्या म्हणत. आम्ही त्याला ताईंची रांगोळी म्हणून हसायचो.

एका सकाळी कोठी भागातल्या एका दवाखान्यातून नर्सचा फोन आला. सहा नंबरच्या पंपाचा वेग आपोआप वाढला होता. तिच्या वेळीच लक्षात आलं म्हणून बरं. आमचे मॅनेजर तिला फोनवरच म्हणाले, "बटन दब गया हुंगा. परेशान नक्को हो मॅडम."

ताई माझ्या शेजारी येऊन बसल्या. वेग ठरवणारा भाग मी लिहिला होता. दवाखान्यात घडलं तसंच सगळं त्यांनी पडद्यावर घडवलं. चार नंबरचा रुग्ण घरी गेला, त्याचा हिरवा चौकोन पांढरा झाला. सहावर नवा रुग्ण आला, तीच जागा निळी झाली. आणि त्या निळ्यात एक हिरवा ठिपका उमटला. माझा प्रोग्राम मोकळ्या झालेल्या जागेचा जुनाच पत्ता धरून बसला होता. गेलेल्या रुग्णाच्या औषधाचा वेग नव्याच्या जागेत लिहीत होता.

"अजून कुठं कुठं चालू आहे हे?" ताईंचा आवाज फाटला. "सगळ्यांना फोन लाव. पंप बंद करा म्हण." मॅनेजर अडवायला धावले. पण ताईंनी स्वतःही फोन उचलला होता, तो खाली ठेवला नाही.

मग रिक्षानं आम्ही कोठीला गेलो. सहा नंबरवर आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. शुद्धीवर, पण पांढरीफटक. तिची आई म्हणाली, "अच्छा हुआ आप लोगां आ गए. मशीन बिगड़ गई थी."

ताईंनी एवढ्यावरच थांबावं, असं मला फार वाटलं. त्या क्षणभर थांबल्याही. मग म्हणाल्या, "मशीन नहीं अम्मा. गलती हमारी है."

बाईनं मुलीचा हात घट्ट धरला. "मेरी बच्ची मर जाती तो?"

ताई तशाच उभ्या राहिल्या. मी त्यांच्या पाठीआड होतो.

दोन महिन्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. शेवटच्या दिवशी मी विचारलं, "ताई, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?"

"तपासल्याची सही माझी होती," त्या म्हणाल्या. पिशवी उचलून दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "पण त्या अम्मासमोर थोडं थांबले होते रे मी. वाटलं, तू पुढं येशील."