ट्रायलची सोबतीण

लाखनीच्या हायवेवरच्या मिस्त्रीनं आमच्या जुन्या जीपच्या पुढच्या चाकांचे बॉल जॉइंट बदलले, हात पुसले आणि शेजारच्या टपरीवर चहा करणाऱ्या आपल्या बायकोला हाक मारली. गाडी कोणाचीही असो, ट्रायलला ती शेजारी लागायचीच.

"मले माह्या कामाचा आवाज आयकू येत नाही साहेब," तो म्हणाला. "इले येते."

दोघं फेरी मारून आले.

"डाव्या चाकात वाजून राहिलं," एवढं बोलून ती पुन्हा चहाकडे गेली. त्यानं वाद न घालता जॅक लावला. नव्या जॉइंटचा नट खरंच सैल होता.

जंगलाच्या रस्त्याला लागल्यावर माझी बायको म्हणाली, "हळू चालवा नं." एरवी मी चिडतो. त्या दिवशी गाडी थांबवली आणि विचारलं, "काय आयकू आलं तुले?"