बिनस्क्रूचा फोन

हिच्या फोनची बॅटरी फुगली, म्हणून चष्मा लावून मी तो चहूबाजूंनी पाहिला. कुठंही स्क्रू नाही. आत हिच्या गेलेल्या बहिणीचा आवाज साठवलेला आहे.

दुकानातली बाई म्हणाली, "आजोबा, हा उघडायचा नसतो. नवीन घ्या, यातलं सगळं त्यात भरून देऊ."

"पण असा चिकटवलाय कशाला?"

"पाणी जाऊ नये म्हणून."

पाणी, की माझे हात? शाळा माझी चौथीपर्यंतच, पण चाळीस वर्षं पंखे दुरुस्त केलेत. काय बदललं ते झाकणाच्या आत पेन्सिलीनं लिहायचो, पुढं उघडणाऱ्याला कळावं म्हणून. स्क्रू ठेवणारा कबूल करतो की वस्तू कधीतरी बिघडेल. हे चिकटवणारे काहीच कबूल करत नाहीत. विकलेली वस्तूही त्यांना आपल्याच मुठीत हवी असते, असा माझा संशय आहे.

घरी येऊन मी पातळ पट्टी काढली, फटीला लावली. ही समोर येऊन बसली.

"तुमचं भांडण कंपनीशी ना? मग माझ्या बहिणीला कशाला मधे घालता?"

मी पट्टी खाली ठेवली. आतलं पुसलं जाईल या भीतीनं माणूस इथंच थांबतो, हे कंपनीला आधीच ठाऊक असणार.