अर्ध्या कार्डाचा माणूस

खापरचे हारुनभाई पिंजारी गाद्या भरतात, आणि पोलिसांचा फोन आला की हातातला कापूस तसाच टाकून निघतात. महामार्गावर कुणी बेवारस गेला, तर त्याला आंघोळ घालायला, धड कापडात गुंडाळायला दुसरं कोण पुढे येतंय? सगळ्यांना नेमकी तेव्हाच कामं आठवतात. हारुनभाईंची एक रीत आहे. चेहरा झाकण्याआधी ते वाकून विचारतात, "भाऊ, तुन्हं नाव काय शे?" आणि थोडं थांबतात.

उत्तर येणार नाही हे न कळण्याइतके ते भोळे नाहीत. पण एकदा एक बाई मुलाला शोधत फार उशिरा, त्याला पुरून झाल्यावर आली होती, आणि हारुनभाईंना तिला नुसती जमीन दाखवावी लागली. नेमकी जागा कुठली, तेही खात्रीनं सांगता येईना. ती बाई अजून त्यांच्या डोळ्यांपुढून जात नाही.

यंदाच्या हिवाळ्यात ट्रकखाली आलेल्या एका माणसाच्या खिशात मोडकं एटीएम कार्ड निघालं. अर्धंच. बँकेचं नाव रस्त्यावर घासून पार गेलेलं. माणसाचं नाव तर मुळात छापलेलंच नव्हतं. खातं उघडताना हातोहात देतात, तसलं कार्ड. उरले होते फक्त सुरुवातीचे आकडे. उद्यापर्यंत कुणी आलं नाही तर उरकून टाकू, असं हवालदार म्हणाले. त्या रात्री हारुनभाई ताट बाजूला सारून कार्डाचा फोटो बघत बसले. हाही माणूस बिननावाचाच जाणार?

त्यांची मुलगी रिम्शा गावात बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवते. बापाच्या मोबाइलवरचा कार्डाचा फोटो तिने निरखून बघितला.

"अब्बा, पहिला सहा आकडा बँकना ऱ्हातस. मानूसना आकडा मांगे ऱ्हातस, त्या तुटी गयात."

"मंग काय उपेग?"

"बँक सापडनी ते मानूसबी सापडी."

तिने ते आकडे कॉम्प्युटरवर टाकले. नाव आलं शहाद्याकडच्या एका लहानशा सहकारी बँकेचं. मोठ्या बँकेचं आलं असतं तर देशभर कुठे शोधणार होते? हिच्या शाखा बोटांवर मोजण्याइतक्या. सकाळी बँक उघडताच हवालदारांनी मृताचा फोटो तिथे पाठवला, आणि एका शाखेतल्या शिपायाने ओळखलं: हे तर कळसाडीचे, गुजरातेत बोअरच्या गाडीवर कामाला जाणारे.

दुपारी त्याची बायको तुळशीबाई दिराला घेऊन सरकारी दवाखान्यात आली. हवालदारांनी नवऱ्याचं नाव विचारलं तशी तिने मान खाली घातली. नवऱ्याचं नाव घेऊ नये, असंच तिला लहानपणापासून शिकवलेलं. लग्नापासून तिने ते एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. शेवटी दिराने सांगितलं.

आत शवागारात हारुनभाईंनी मृताला आंघोळ घातली होती. कळसाडीहून कुणी येणार एवढंच त्यांना ठाऊक होतं. चेहऱ्यावर कापड ओढण्याआधी ते सवयीनेच वाकले.

"भाऊ, तुन्हं नाव काय शे?"

ते थांबले. दारात तुळशीबाई येऊन उभी होती. तोंडावर घट्ट धरलेला पदर तिने बाजूला केला.

"सुकलाल," ती म्हणाली. "सुकलाल शे नाव."

इतक्या वर्षांत हारुनभाईंना पहिल्यांदाच उत्तर मिळालं होतं. त्यांना एकदम रडू फुटलं. हातातलं कापड त्यांनी बाजूला ठेवलं आणि ते पुन्हा त्या कानाशी वाकले.

"सुकलालभाऊ, तुमले लेवाले घरना उनात. चाला घर."