चार्जरवरची बारीक अक्षरं

सोल्डरिंगच्या धुराचा वास आला की मी पहिल्यांदा अमेरिकेला निघाले तो दिवस आठवतो. संध्याकाळचं विमान होतं आणि सकाळी मी लॅपटॉप छातीशी धरून गांधीबागेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात उभी होते. तिकडची वीज एकशेवीस व्होल्टची, आपली दोनशेतीसची. लॅपटॉप जळला तर नव्या नोकरीत पहिल्याच दिवशी काय करणार, या धास्तीनं मी विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर मागितला. दुकान चालवणाऱ्या काकूंनी हातातलं काम थांबवून भिंग दिलं आणि माझ्याच चार्जरवरची अक्षरं मला वाचायला लावली. “शंभर ते दोनशेचाळीस!” मी ओरडलेच. “मंग? दोन्हीकडं चालते तो. इतकं वजन काहून नेऊन राहिली वं? फक्त तिकडची पिन लाव.” “आणि आईनं दिलेला मिक्सर?” “त्याच्यावर नुसतं दोनशेतीस असन. त्याले घरीच ठेव.” घरी येऊन पाहिलं, तसंच होतं. मिक्सर बाहेर आला आणि त्या जागेत संत्राबर्फीचे चार डबे बसले. तिकडे पोचल्यावर पिन खोचली, चार्जरचा दिवा लागला आणि त्या रिकाम्या खोलीत मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या. आता कितीतरी देश पाहून झाले, तरी नव्या ठिकाणी तो दिवा लागला की मी अजून टाळी वाजवतेच.