त्रेचाळीस हजर

त्या दिवशी दहावीच्या वर्गातली बेचाळीस मुलं हजेरीच्या आधी उठली आणि फाटकाबाहेर जाऊन बसली. एक मुलगी वर्गात राहिली. मी हजेरीपत्रकावर त्रेचाळीस जणांना हजर मांडलं.

आमची शाळा बजाजनगरात आहे. मागच्या भिंतीपलीकडे पत्र्याचे भाग ठोकणारं एक प्रेस शॉप चालतं आणि मुलं त्याच्या ठोक्यांवर कविता पाठ करतात. बहुतेकांचे आईवडील वाळूजच्या कंपन्यांत कामाला. कुणी जालन्याकडचं, कुणी परभणीकडचं, आणि दरवर्षी थोडी जास्त मुलं बिहारची, उत्तर प्रदेशाची. मी मराठी शिकवते आणि वाचनालयाचं कपाट सांभाळते. त्या वर्षी दहावीच्या या तुकडीची वर्गशिक्षिकाही मीच होते.

वर्गात राहिलेली मुलगी बिहारची होती. आठवीत, वर्ष अर्धं सरल्यावर ती आली. तिच्याकडे गावच्या शाळेचा दाखला नव्हता. मुख्याध्यापक म्हणाले, बसू द्या, आणतील नंतर. दाखला नसलेल्या मुलांची नावं आम्ही पटाच्या शेवटी पेन्सिलीनं लिहितो. दाखला आला की शाईनं. तिचं नाव दोन वर्षं पेन्सिलीतच राहिलं. दर महिन्याला नवं पान काढलं की मी ते पुन्हा लिहायची आणि पुढच्या महिन्यापर्यंत विसरायची. ती मराठी लवकर शिकली. कपाटातली पुस्तकं नेताना वर्तमानपत्राचं कव्हर घालून न्यायची आणि परत देताना कव्हर तसंच ठेवायची.

दहावीचे बोर्डाचे फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा कार्यालयातून निरोप आला की दाखला हवा, आणि त्यावर तिकडच्या जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्याची सहीही हवी. तिचे वडील प्रेसवर काम करायचे. त्यांना सुट्टी मिळे ती फक्त छठच्या सणाला, कारण ठेकेदार सगळ्या बिहारी कामगारांना तेव्हाच एकदम सोडतो. ते गेले. तिकडची शाळाही छठसाठीच बंद होती. आठ दिवसांनी ते परत आले ते कार्यालयात गुळाच्या ठेकुआची पिशवी घेऊन.

"दाखला आणायला गेले अन् फराळ घेऊन आले," आमचे क्लार्क म्हणाले. मग एक ठेकुआ उचलून त्यांनी तो खाल्ला. "चांगलाय. पण ह्याच्यावर सही नाय."

तिचे वडीलही हसले. त्यांना मराठी फारसं कळत नसे. मुलगी शेजारी उभी होती, ती हसली नाही.

वर्गाची मॉनिटर बजाजनगरातच राहणारी, तिचे आजोबा मात्र मुकुंदवाडीत. रेल्वेतून निवृत्त झालेले आजोबा रविवारी सकाळी विहारात बसून लोकांचे अर्ज लिहून देत. तरुणपणी त्यांनी पुष्कळ मोर्चे पाहिले होते. नातीला त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या होत्या: कागद सरळ भाषेत लिहायचा आणि त्याच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलायचं नाही. वर्गमैत्रिणीचा फॉर्म अडला हे कळल्यावर तिनं वर्गाच्या वतीनं निवेदन लिहिलं. आठवीपासून आमच्याबरोबर शिकणाऱ्या मुलीला हमीपत्र घेऊन परीक्षेला बसू द्यावं, तोवर आम्ही वर्गात बसणार नाही, एवढंच त्यात होतं. मुख्याध्यापकांनी ते वाचून परत दिलं. परिपाठाच्या वेळी माइकवरून ते म्हणाले, "जो बाहेर जाईल त्याचाही फॉर्म थांबेल."

परिपाठानंतर मुलं वर्गात आली. मी हजेरीपत्रक उघडलं आणि मॉनिटर उभी राहिली.

"मॅडम, हजेरी घेऊ नका अजून."

"का गं?"

"आम्ही बाहेर चाललोत. आधी घेतली तर आम्ही हजर लागतो. आम्हाला गैरहजर मांडा."

मागून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, दोन वर्षं झाली तुम्ही मला म्हणायलात, वर्गाबाहेर हो. आज ऐकायलोय."

वर्ग हसला आणि हसत हसतच उठला. मी थांबवलं नाही, जा असंही म्हटलं नाही. रांगेत गेली ती. एरवी मधल्या सुट्टीलासुद्धा ही मुलं रांगेत जात नाहीत.

शेवटून दुसऱ्या बाकावर ती बिहारची मुलगी बसून होती.

"तू नाही गेलीस?"

"मॉनिटरनंच सांगितलं मॅडम, तू बस म्हणून. पान असं दिसलं पाहिजे म्हणे, सगळे गैरहजर आणि एकच हजर. जिचं नाव पेन्सिलीनं आहे तीच हजर." तिनं पुस्तक उघडलं आणि म्हणाली, "तास घ्या ना मॅडम. आता किती तास राहिलेत, काय माहीत."

मी तास घेतला. तिनं धडा मोठ्यानं वाचला, मी दोन ठिकाणी थांबवून अर्थ विचारला, तिनं सांगितला. बाहेर घोषणा चालल्या होत्या. कुणीतरी भलत्याच ठिकाणी "जिंदाबाद" म्हणालं की हसण्याचा आवाज यायचा. फाटकाजवळून जाणारा एक माणूस विचारत होता, "भय्याच्या पोरीसाठी आपली पोरं उन्हात बसवली का रे?"

"काका, तुम्ही सकाळी चहा कुणाच्या टपरीवर पिता?" एका मुलानं विचारलं.

"व्हय रे, लई शहाणा झाला," म्हणत तो माणूस पुढे गेला.

तास संपल्यावर मी हजेरीपत्रकासमोर बसले. इथं मला माझ्या वडिलांविषयी लिहायला हवं, कारण त्या वेळी माझ्या डोक्यात तेच होते. त्याच श्रावणात ते गेले होते. वैजापूर तालुक्यातल्या एका गावात त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य काढलं. कापूस वेचणीच्या दिवसांत अर्धी शाळा रानात असे. वडील त्या मुलांना हजर मांडायचे. मी लहानपणी त्यांच्या शेजारी बसून ते पाहिलं आहे. मी विचारलं होतं, ते आले नाहीत तरी का? ते म्हणाले, "पोरगं कापसात गेलं म्हणून पटावरून जाऊ द्यायचं नाय. एकदा नाव कमी झालं की ते पोरगं परत येत नसतं."

बोर्डाला पंचाहत्तर टक्के उपस्थिती लागते. काही मुलांची आधीच कमी होती. मुख्याध्यापकांनी माइकवरून धमकी दिली होती. मी पेन घेतलं आणि एकेका नावापुढे हजर मांडत खाली आले. मुलांना वाचवते आहे असं मला वाटत होतं. वडिलांची आठवण येऊन डोळेही भरले होते, हेही खरं.

मधल्या सुट्टीआधी मुख्याध्यापक वर्गात आले, पान पाहिलं. "बरं केलंत," असं म्हणून ते पत्रक हातात घेऊनच फाटकाकडे गेले. मी खिडकीतून पाहत होते. त्यांनी मुलांना पान दाखवलं आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं, "तुमची हजेरी लागलेली आहे. सगळे हजर आहात. आता उन्हात बसून काय उपयोग? चला."

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. "म्हणजे आपण बाहेर पण अन् आत पण," सकाळचाच तो मुलगा म्हणाला. "डबल रोल." यावर थोडी मुलं हसली आणि एकदा हसल्यावर त्यांना पुन्हा घोषणा देता आली नाही. पाच-सहा जण उठले, मग दहा, मग सगळे. मॉनिटर शेवटी आली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

पण निवेदनाची एक प्रत तिनं आदल्याच दिवशी आजोबांबरोबर जाऊन शिक्षण विभागाच्या कार्यालयात दिली होती आणि पोच घेतली होती. त्यामुळे आठवड्याभरानं एक अधिकारी चौकशीला आले. ते वयस्कर होते, घाईत नव्हते. मुख्याध्यापकांच्या खोलीत मला बोलावलं. टेबलावर निवेदन होतं आणि शेजारी माझं हजेरीपत्रक.

"बाई, या कागदात लिहिलंय की पूर्ण वर्ग बाहेर बसणार. तुमच्या पत्रकात त्या दिवशी पट पूर्ण हजर आहे. मग झालं काय नेमकं?"

मी पत्रकाकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हे बघा, मी कुणाला शिक्षा करायला नाही आलो. अख्खा वर्ग उठून गेला असेल तर मला तसा अहवाल वर पाठवावा लागतो. वर गेला म्हणजे मग विशेष बाब म्हणून त्या मुलीचा विचार होऊ शकतो. असं झालंय याआधी. पण मुलं बाहेर गेलीच नसतील तर मी लिहू काय?"

हे इतकं सरळ होतं. मला एवढंच म्हणायचं होतं की मुलं गेली होती आणि हजेरी मी खोटी मांडली. मुख्याध्यापक खिडकीबाहेर पाहत होते. मला माझी नोकरी दिसली, चौकशी दिसली, वेतनवाढ थांबलेली दिसली. एका क्षणात माणसाला किती दिसतं.

मी म्हणाले, "मधल्या सुट्टीत मुलं फाटकापाशी बसतात. तेच असेल."

त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या. जाताना चहा घेतला नाही.

दोन दिवसांनी मॉनिटर शिक्षक खोलीच्या दाराशी आली. मी अधिकाऱ्यांना काय सांगितलं ते तिच्या आजोबांनी कार्यालयात जाऊन विचारून घेतलं होतं. आत येऊ का, असं विचारलं नाही, दारातूनच बोलली.

"मॅडम, आम्ही बाहेर होतो ना?"

"हो."

"मग नाय का म्हणालात?"

"तुमचे फॉर्म अडले असते. तुमच्यासाठीच मांडलं मी."

"आम्ही गैरहजेरी मागितली होती." तिचा आवाज चढला नाही. "आजोबा म्हणाले, दार बंद करणारा माणूस दिसतो तरी. तुमच्यासारख्यांशी भांडायचं कसं, ते त्यांना पण नाय माहीत."

तिनं नंतर वर्ष संपेपर्यंत माझ्या विषयाचा अभ्यास नीट केला, विचारलं की उत्तर दिलं, आणि स्वतःहून एक शब्द बोलली नाही. तिला मराठीत चांगले गुण मिळाले.

फॉर्मची मुदत संपली. बिहारची मुलगी डिसेंबरपर्यंत येत राहिली. वडिलांचा ठेका संपला, तेव्हा घर चाकणला गेलं. जाताना तिनं पुस्तक परत केलं आणि म्हणाली, "हेडसरांनी नाही केलं, तुम्ही सगळ्यांनी खूप केलं मॅडम." अधिकारी आले होते आणि मी त्यांना काय म्हणाले, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. मॉनिटरनंही नाही. का नाही, हे मला कधी विचारता आलं नाही. जानेवारीच्या पानावर मी तिचं नाव लिहिलं नाही.

त्यानंतरच्या श्रावणात वडिलांचं वर्षश्राद्ध झालं. गावाकडून त्यांचे जुने विद्यार्थी आले होते. त्यातला एक, आता साठीला आलेला, जेवणं झाल्यावर माझ्याशी बोलत बसला. मी हजेरीची गोष्ट काढली. वडिलांविषयी ती मला नेहमीच सांगावीशी वाटे.

"व्हय, मांडायचे ना हजर," तो म्हणाला. "अन् मग सांजच्याला रानात यायचे. आमी कापूस वेचून बसलेलो असायचो, हात सोललेले. गुरुजी गंजीवर बसायचे अन् पाढे म्हणून घ्यायचे. म्हणायचे, तुमची हजेरी मी लावून आलोय, आता ती खरी करा. माय म्हणायची, ह्यो मास्तर जेवू पण देत नाय."

तो हसला. मीही हसले असेन. मी लहान होते तेव्हा वडील संध्याकाळी उशिरा घरी येत हे मला आठवत होतं. कुठून येत हे कधी विचारलं नव्हतं. त्यांच्या कामातला अर्धा, सोपा भाग तेवढा मी पाहिला होता आणि तोच उचलला होता. पण एवढंच खरं मानून चालणार नाही. हजेरी मांडताना मी वडिलांचं ऐकत होते; अधिकाऱ्यासमोर जे बोलले त्यात वडील कुठंच नव्हते. ते माझं एकटीचं होतं.

तरी पुढे दीड वर्ष मी काही केलं नाही. या वर्षी त्या बिहारच्या मुलीच्या ओळखीची एक बाई आपल्या मुलाचा प्रवेश घ्यायला आली. तिच्याकडून नंबर मिळाला. मी दुपारी फोन केला. ती ओळखीच्या आवाजात "मॅडम" म्हणाली आणि तिला आनंद झाला हे कळत होतं. एका कंपनीत ती हेल्पर आहे. लाइनवर ऑपरेटर करायला सुपरवायझर तयार आहे, पण त्या जागेला दहावी पास लागतं.

मी तिला सगळं सांगितलं. हजेरी, अधिकारी, मधली सुट्टी. मागे यंत्रांचा आवाज येत होता.

"साहेब विचारायला आले होते?" तिनं विचारलं. "म्हणजे होऊ शकत होतं?"

"हो. होऊ शकलं असतं."

"मला वाटत होतं, आमच्याच कागदाची चूक. पापांना मी किती बोलले त्यावरून."

मी म्हटलं, बाहेरून परीक्षा देता येते, सतरा नंबरचा फॉर्म असतो, फी मी भरेन, पुस्तकं पाठवेन, रविवारी फोनवर शिकवेन. मी फार भरभर बोलत होते.

"बारा तासांची ड्युटी आहे मॅडम," ती म्हणाली. "आता नाही होत." मग म्हणाली, "तुम्ही तेव्हा सांगायचं होतं." त्यात राग नव्हता, किंवा असला तरी तिनं तो दाखवला नाही. जेवणाची सुट्टी संपली म्हणून तिनं फोन ठेवला.

मी त्या अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, जे झालं ते सांगणारं. ते अधिकारी निवृत्त झाले आहेत. पत्राला उत्तर आलं नाही, माझ्यावर काही कारवाईही झाली नाही. मुख्याध्यापकांना प्रत दिली, ती त्यांनी वाचून खणात ठेवली.

ती चाकणला त्याच कंपनीत हेल्पर आहे. दहावी झालेली नाही. मी याच शाळेत मराठी शिकवते.