फाटलेली खीर आणि हिरवा उजेड

सणसरच्या प्रियदर्शनीला वेड लागलं ते पुण्यात, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. अंधाऱ्या खोलीत लेसर लावला होता आणि त्याचा किरण डोळ्याला दिसतच नव्हता. सरांनी त्याच्या वाटेत परदेशातून आणलेला एक इवलासा स्फटिक ठेवला, आणि पलीकडून हिरवागार उजेड बाहेर पडला. आत गेलं ते दिसेना, बाहेर आलं ते डोळ्यात मावेना. बाकीच्या पोरापोरींनी वहीत आकृती काढली आणि चहाला पळाली. ही बया तिथंच उभी. पोरगी हातची गेली ती त्या दिवशी.

पुढं ती बारामतीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागली, पण डोक्यात तोच उजेड. जगात कुणी वाढवला नाही असा स्फटिक आपण वाढवायचा आणि त्यातून हिरवा उजेड काढायचा, हाच विषय तिनं पीएचडीला घेतला. फॉस्फेटात एक ॲमिनो आम्ल मिसळायचं, पाण्यात विरघळवायचं आणि ते पाणी सावकाश सुकू द्यायचं. नशीब असलं तर तळाशी स्फटिक धरतो. हे ऐकून तिचे वडील, ज्ञानदेवतात्या, म्हणाले, "फॉस्फेट म्हंजी आपण उसाला टाकतो त्येच की."

"त्येच तात्या, पर लई शुद्ध."

झालं. ज्ञानदेवाची पोरगी खतावर संशोधन करती, अशी बातमी पार लोणी भापकरपर्यंत गेली. लोक तिला बांधावर गाठून उसाची मुळं खाणाऱ्या हुमणीवरचं औषध विचारायचे. ती बिचारी त्यांना किरणाचं सांगायची, ते मान डोलवायचे आणि जाताना पुन्हा हुमणीचंच विचारायचे.

कॉलेजात सारखी वीज जायची, बाकं हलायची. म्हणून तिनं बीकर घरी आणला आणि मागच्या खोलीत ठेवला. तिथं मातीच्या जाड भिंती, उन्हाळ्यातसुद्धा गारवा. पण स्फटिकाला हादरा चालत नाही, आणि मग घरादाराचे हाल सुरू झाले. मिरच्या कांडायच्या तर शेजारी जाऊन. तात्यांना खोकला आला तर त्यांनी अंगणात पळायचं. शेजारचे सर्जेराव ट्रॅक्टर घेऊन निघाले की ही हात जोडून आडवी उभी. "सर्जेराव, जरा हळू. आत स्फटिक धरायलाय." सर्जेराव बिचारे घरापुढून ट्रॅक्टर असा न्यायचे, की मागून चालत येणारी माणसं पुढं निघून जायची.

आधीचे कितीतरी स्फटिक वाया गेले. कुणी बर्फीसारखा पांढरा पडला, कुणी मधोमध तडकला. पण सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात एक धरला, आणि काय धरला म्हणता! बोराएवढा, आरपार स्वच्छ, पैलू असे की बोट फिरवत राहावं. प्रियदर्शनी जमिनीवर चालेना. अख्ख्या आळीला तिनं तो दाखवला. सर्जेरावांच्या म्हशीला तेवढा दाखवायचा राहिला.

पुण्यात तिच्या मार्गदर्शक होत्या मेघनामॅडम. त्या फोनवर एकच सांगायच्या. "अगं, आधी फोड त्याला. पूड कर. पुडीतून उजेड येतो का बघू, मग मोठ्याचं बघता येईल. हीच रीत आहे." बरोबरच होतं त्यांचं. पण फोडायचं नाव काढलं की ही विषय बदलायची. आणि खरं सांगायचं तर दुसरीही भीती होती. काही स्फटिकांची घडणच अशी असते की कितीही सुंदर असू द्या, हिरवा उजेड त्यातून येतच नाही. हा तसला निघाला तर? पूड केली की कळणार, म्हणून ती पूड करत नव्हती. शेवटी मॅडम वैतागल्या. मेअखेर नोंदणीची मुदत संपत होती, आणि पौर्णिमेनंतरच्या गुरुवारी लेसर मोकळा होता. त्या दिवशी उजेड दिसला नाही तर पीएचडी विसर, म्हणाल्या.

बरं म्हणाली ही. दमट हवेनं पैलू धुरकटू नयेत म्हणून स्फटिक एका स्टीलच्या डबीत घातला आणि डबी ठेवली कुठं, तर चुलीवरच्या फळीवर, वेलदोड्याशेजारी. एवढी शिकलेली बाई, पण अक्कल कुठं गेली होती कोण जाणे.

वैशाख पौर्णिमेला पहाटेच घरातली सगळी बुद्धविहार सजवायला गेली. खिरीचं काम घेतलं वरकुट्याहून आलेल्या झुंबरआत्यानं. आत्याच्या हातच्या खिरीचं नाव होतं. तिनं सर्जेरावांकडचं दूध आटवलं, तांदूळ शिजवले, साखर घातली, आणि वरून घालायला काही गोडाचं बघू म्हणून फळीवर हात फिरवला. डबीत हा मोठा खडीसाखरेचा खडा! आत्या खूश. खलबत्त्यात घालून तिनं त्याची पूड केली आणि निम्मी खिरीत टाकून ढवळायला लागली.

खीर फाटली. बघता बघता पाणी एकीकडं, चोथा एकीकडं. आत्यानं पळी तशीच हातात घेतली आणि तरातरा सर्जेरावांच्या दारात गेली.

"नासकं दूध दिलंस व्हय रं मला? आजच्या दिवशी?"

"आत्याबाई, म्हस माझी, धार मी काढली. नासंल कसं?"

दोघांचं असं जुंपलं की विहारातली माणसं वंदना उरकून तिकडंच आली. प्रियदर्शनी पांढऱ्या साडीत, हातात फुलं घेऊन मधे पडली. "आत्या, खिरीत घातलं तरी काय?"

"काय घालनार? साखर. आन् वरनं ती तुझ्या डबीतली खडीसाखर."

फुलं हातातून गळाली. प्रियदर्शनी घरात धावली. डबी रिकामी. फॉस्फेटाचा आंबटपणा, दुसरं काय, दूध फाटणारच होतं. ती खलबत्त्यापाशी मटकन बसली आणि रडायला लागली. तात्या दारात उभे, आत्या पळी घेऊन उभी.

रडता रडता तिचं लक्ष खलबत्त्यात गेलं. तळाला पांढरी पूड उरली होती, चांगली चमचाभर. तिनं दोन बोटांत घेऊन चोळून बघितली. बारीक आणि एकसारखी. आणि एकाएकी तिला हसू फुटलं. हसता हसता हुंदका, हुंदक्यातून पुन्हा हसू.

"तात्या, पोरीच्या डोक्यावर परिनाम झालाय," आत्या म्हणाली.

"आत्या, मॅडम इतके दिस हेच सांगत व्हत्या. पूड कर म्हणून. माझा हात हुईना, आन् तू केलीस."

"मग आदी न्हाय का सांगायचं? जात्यावर दळून दिलं असतं."

गुरुवारी पूड बटरपेपरात बांधून प्रियदर्शनी पुण्याच्या एसटीत बसली. शेजारी झुंबरआत्या. फोडलाय मी, तर काय हुतंय ते मीच बघनार, असं म्हणून ती हटून बसली होती. प्रयोगशाळेत मेघनामॅडमनी पुडी उघडली आणि हुंगली.

"वेलदोडा?"

"खलबत्त्याचा वास आहे, मॅडम. नंतर सांगते."

मॅडमनी पूड काचेच्या बारीक नळीत भरली. सगळ्यांनी जाड चष्मे चढवले. लुगड्यातल्या आत्याच्या नाकावर तो चष्मा असा बसला की मॅडमना तोंड फिरवून हसावं लागलं. दिवे मालवले. लेसर सुरू झाल्याचं यंत्राच्या आवाजावरनं तेवढं कळलं, दिसलं काहीच नाही. प्रियदर्शनीनं आत्याचा हात धरला.

आणि नळी पेटली. हिरवी, लखलखीत, पोपटाच्या पंखाएवढी हिरवी. मॅडमनी यंत्राचा आकडा बघितला, ॲमिनो आम्ल न मिसळलेलं साधं फॉस्फेट लावून ताडून बघितलं, पुन्हा बघितलं. "साध्याच्या दुपटीनं आहे," त्या म्हणाल्या. "लिही प्रबंध. नोंदणीचं मी बघते."

प्रियदर्शनीला नाचावंसं वाटत होतं, आणि त्या खोलीत तर हलायलाही जागा नव्हती.

आत्या मात्र नळीकडं टक लावून बघत होती. तिनं हळूच विचारलं, "प्रिये, ह्यो उजेड मशिनीचा हाय का तुझा?"

"आत जातोय तो मशिनीचा, आत्या. भाईर आलाय तो माझा."

आत्यानं लुगड्याचा पदर डोळ्याला लावायला हात नेला, तर मधे चष्मा. तिनं मॅडमकडं मान वळवली.

"बाई, लगीच बंद करू नगा. आमच्या पोरीचा हाय. बघू द्या अजून थोडं."

मॅडमनी बटणावरचा हात काढून घेतला.