नऊ नारळ

कुठेही नारळ ओळीने मांडलेले दिसले की मी ते मोजते. लग्नघरी ओटीसाठी काढून ठेवलेले, देवळाबाहेर दुकानात रचलेले, कुठलेही. माझा नवरा मला 'मोजणीदार' म्हणतो. त्याला वाटतं, वर्गातली पोरं मोजून मोजून लागलेली ही खोड आहे. तसं नाही. ही खोड मला एका दुपारी लागली आणि कुठे लागली ते मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

दोन हजार सालानंतरची सात-आठ वर्षं उलटली होती. गावातले तंटे शक्यतो गावातच मिटवायचे, अशी एक सरकारी मोहीम तेव्हा जोरात होती. प्रत्येक गावाची एक समिती असायची. तिने वर्षभरात किती भांडणं मिटवली, समितीत बायका किती, त्या बैठकांना येतात का, यावर गुण मिळायचे आणि चांगले गुण पडले की गावाला बक्षीस. गुण द्यायला बाहेरची माणसं जात. आमच्या पथकात आम्ही तिघं होतो. एक निवृत्त अधिकारी, त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. दुसरा देवरूखचा एक वार्ताहर. तिसरी मी, रत्नागिरीतल्या एका शाळेतली मराठीची बाई.

पथकात एक तरी स्त्री हवी, असा नियम होता. त्यापायी मला घेतलं होतं, हे आज मला स्वच्छ दिसतं. तेव्हा मात्र मला वाटायचं की माझ्या काटेकोरपणाची कोणीतरी कदर केली. कोणी कोणाचं बघून लिहिलंय, हे मी नुसत्या अक्षरावरून ओळखायचे आणि त्या गोष्टीचा मला भारी गर्व होता.

गाव देवरूखच्या पुढे, डोंगरात. आमची जीप देवळापाशी थांबली. सभामंडपात सतरंज्या, समोर टेबलावर समितीच्या वह्या. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या बायका. समितीचे अध्यक्ष साठीचे होते, बोलायला गोड, आणि सारखे म्हणत होते, "बाई, वाईच पानी घ्या. घाई कसली हाय?"

मी बैठकांची वही उघडली. समितीत तीन बायका होत्या, त्यातली एक पावसाळ्यात नव्याने घेतलेली, आणि सभासद झाल्यापासून तिघींच्या सह्या दर बैठकीला होत्या. त्या नव्या बाईच्या सहीवर माझी नजर अडकली. तिच्या पहिल्या काही बैठकांत ती सही सुबक, गोल अक्षरांत, सातवीपर्यंत मन लावून शिकलेल्या मुलीची. शेवटच्या दोन बैठकांत तेच नाव, पण अक्षर पहिलीतल्या पोराचं. वाकडं, ओळीच्या खाली घसरलेलं. मला वाटलं, सापडली चोरी. बाई बैठकीला आली नाही आणि तिच्या नावाने दुसऱ्या कोणीतरी सही ठोकली.

मी हे भर सभेत बोलून दाखवलं. अध्यक्ष हसले. त्यांनी बायकांकडे वळून तिला हाक मारली, "ये गो, बाईंना सही करून दाव."

ती पुढे आली. तिशीची असेल. उजवा हात पदराखाली होता. तिने डाव्या हातात पेन धरलं आणि कोऱ्या कागदावर सावकाश सही केली. अगदी तशीच, वाकडी आणि घसरलेली. सभामंडपात हशा पिकला. साहेबही हसले. "काय बाई, फिटला संशय?" ते म्हणाले. मी पत्रकावर 'सही पडताळली' असं लिहिलं. आधीची गोल अक्षरं कोणाची, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण माझे कान लाल झाले होते आणि त्या हशापुढे मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मग अध्यक्षांनी नारळ दाखवले. त्या गावची ती पद्धत होती. भांडण मिटलं की दोन्ही बाजूंनी एका नारळाला हात लावून शब्द द्यायचा आणि तो नारळ देवासमोर ठेवायचा. तो फोडायचा नाही, कोणी घरी न्यायचा नाही. "इस्टांपाचा कागद फाडील कोन पन. नारळाला भितात सगळी," अध्यक्ष म्हणाले. गाभाऱ्याबाहेर एका फळीवर नारळ ओळीने मांडले होते, स्वच्छ पुसून, प्रत्येकाला ताजं कुंकू लावून. एक बांधाचा, एक पाणंदीचा, एक गुरांचा, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं.

वहीत मिटलेले तंटे आठ होते. मी सवयीने नारळ मोजले. नऊ.

पुन्हा मोजले. नऊच.

"एक जास्त आहे," मी म्हटलं. माझा आवाज मघाच्या हशामुळे बारीक झाला होता. अध्यक्षांनी फळीकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा उतरला. "जुना असंल एकादा," ते म्हणाले. "पुसताना काडलान असंल भाईर." साहेबांनी घड्याळ पाहिलं. "वहीत आठ आहेत ना? मग आठ लिहा. पत्रक वहीशी जुळलं पाहिजे."

आणखी एकदा तोंडघशी पडायची माझी तयारी नव्हती. मी आठ लिहिले. खाली एक रकाना होता, स्त्रियांच्या तक्रारी किती आल्या आणि किती मिटल्या. वहीत तशी एकही नोंद नव्हती. तिथे मी 'निरंक' लिहिलं, आणि त्याचे पुरे गुण दिले. समितीतल्या बायकांच्या सहभागाचेही पुरे दिले. सह्या तर मी स्वतः पडताळल्या होत्या.

जेवण झाल्यावर हात धुवायला मी देवळामागच्या टाकीकडे गेले. ती तिथे कळशी घेऊन उभी होती. माझ्या हातावर पाणी घालायला ती वाकली, डाव्या हाताने कळशी कलती केली, आणि तोल सावरताना तिचा पदर उजव्या हातावरून सरकला. मनगट सुजून कोपराएवढं जाड झालं होतं. बोटं आखडलेली. मी पाहिलं आणि मी पाहिलेलं तिनेही पाहिलं. पदर सारखा करायची तिने घाई केली नाही.

"सकाळी नारळ मीच मांडले," ती हळूच म्हणाली. "तुमी मोजलात?"

"मोजले."

"किती भरले?"

तिचे डोळे माझ्या तोंडावर होते. सभामंडपातून साहेबांची हाक आली, जीप निघतेय म्हणून. पत्रक माझ्या काखेत होतं, भरलेलं, एकही खाडाखोड नसलेलं.

"आठ," मी म्हटलं.

तिने माझ्या हातांवर राहिलेलं पाणी घातलं आणि कळशी उचलून गेली.

परतीच्या वाटेवर वार्ताहराने आपणहून विषय काढला. त्या बाईला त्याने पावसाळ्याच्या सुरुवातीला देवरूखात पाहिलं होतं, पोलीस ठाण्याच्या पायरीवर. मुंबईतलं काम सुटून नवरा गावी आला होता आणि रोज मारत होता. ती आत जायच्या आधीच अध्यक्ष येऊन तिला परत घेऊन गेले. पुढचं त्याने गावात ऐकलं होतं. देवळात दोघांनी नारळाला हात लावला. नवऱ्याने शब्द दिला, हात उचलणार नाही. तिने शब्द दिला, ठाण्यात जाणार नाही आणि बाहेरच्या कोणापाशी बोलणार नाही. वहीत नोंद केली नाही, कारण बायकांच्या तक्रारी निरंक असल्या की गुण जास्त पडतात. नारळ फळीवर न ठेवता आत कोपऱ्यात सरकवला. पुढच्याच बैठकीपासून तिला समितीत घेतली. बाई सभासद हव्याच होत्या.

"नवऱ्याने शब्द पाळला नाही," वार्ताहर म्हणाला. "ती मात्र पाळते. देवाला भिते."

तिने शब्द मोडला नव्हता. माझ्यापाशी ती नवऱ्याविषयी, हाताविषयी एक अक्षर बोलली नव्हती. तिने फक्त सकाळी फळी पुसली, आपला नारळ कोपऱ्यातून काढून बाकीच्यांच्या रांगेत ठेवला आणि त्याला कुंकू लावलं. बोलायचं नाही असं ठरलं होतं, मांडायचं नाही असं ठरलं नव्हतं. बाहेरून येणारं कोणीतरी मोजेल, एवढ्याच भरवशावर तिने तो मांडला होता. मोजायला मी आले होते.

पत्रक अजून माझ्या मांडीवर होतं. पेनही होतं. "साहेब, तो नववा नारळ," मी म्हटलं, आणि वार्ताहराने सांगितलेलं पुन्हा सांगितलं. साहेब पुढच्या सीटवरून मागे न वळता म्हणाले, "बाई, ऐकीव गोष्टींवर गुण कापता येत नाहीत. आणि आता खाडाखोड नको." ऐकीव नव्हतं ते. हात मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. पण मी पेनाला टोपण लावलं. साखरप्याला जाणारी एसटी समोरून गेली, धूळ उडाली, मी काच वर केली. देवरूख आलं तेव्हा मी पत्रकाखाली सही केली. माझी सही सुबक आहे.

गावाला बक्षीस मिळालं. मे महिन्यात, मुंबईची माणसं गावी आलेली असताना, समारंभ ठेवला होता आणि पथकाला आमंत्रण होतं. जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेले, कारण मला तिला बघायचं होतं. समितीतल्या बायकांचा सत्कार सुरू झाला. पहिलं नाव, दुसरं नाव, मग तिचं. कोणी उठलं नाही. नाव दुसऱ्याच कुठल्यातरी गावातलं असावं तसे सगळे बसून राहिले. मग अध्यक्षांनी खूण केली आणि दुसऱ्याच एका बाईने येऊन तिची ओटी घेतली. टाळ्या वाजल्या.

माझ्या शेजारच्या बाईला मी विचारलं, ती कुठेय. "म्हायेरी गेली," ती म्हणाली. पलीकडची त्याच वेळी म्हणाली, "म्हमईला नेलान तिला." दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग दोघीही समोर बघायला लागल्या. मी पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. कोणाला तरी विचारता आलं असतं, वार्ताहराला एक फोन करता आला असता. उत्तर ऐकायची मला भीती वाटत होती, अजून वाटते.

लोक जेवायला बसले तेव्हा मी एकटी देवळात गेले. फळी तिथेच होती. कुंकू सुकून काळपट झालं होतं. मी एका टोकापासून बोट ठेवत मोजले, मग दुसऱ्या टोकापासून. आत गाभाऱ्याच्या कोपऱ्यातही वाकून पाहिलं. तिथे काही नव्हतं.

फळीवर आठ नारळ होते. तिला मी दिलेलं उत्तर आता बरोबर होतं.